अंतर आणि ओळख : मध्यम शहराविषयी दोन मते

मध्यम शहर म्हणजे नेमके केवढे शहर, याला सरकारदरबारी एकच उत्तर नाही. जनगणनेच्या लेखी लाखभर वस्तीचे प्रत्येक गाव पहिल्या वर्गाचे शहर ठरते, त्यामुळे बार्शी आणि मुंबई एकाच पंगतीला बसतात. केंद्र सरकार कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता देताना शहरांना एक्स, वाय आणि झेड अशी अक्षरे लावते. पाच लाखांच्या वरचे आणि पन्नास लाखांच्या आतले शहर ‘वाय’. महाराष्ट्र शासन महापालिकांची प्रतवारी निराळी करते आणि तिच्यात ‘ड’ हा तळाचा वर्ग. कोल्हापूर एका यादीत ‘वाय’ आहे, दुसरीत ‘ड’.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ४,९३,१६७ होती, २०११ मध्ये ती ५,४९,२३६ झाली. त्याच दहा वर्षांत पुणे शहर २५ लाखांवरून ३१ लाखांवर गेले. म्हणजे एका दशकात पुण्याची जी भर पडली, तीच एका अख्ख्या कोल्हापुराएवढी होती. त्या भरीत मूळचे कोल्हापूरकर किती, हे जनगणनेच्या या आकड्यांत दिसत नाही; शनिवार-रविवारला जोडून सुटी आली की स्वारगेटला कोल्हापूरच्या गाडीसाठी लागणाऱ्या रांगेत ते दिसते.

आकड्यांनी शहराचा आकार कळला, तरी तिथले राहणे दोन गोष्टींवर ठरते : अंतर आणि ओळख. काम, शाळा, दवाखाना, बाजार आणि स्मशान घरापासून किती मिनिटांवर आहे, हे अंतर. त्या वाटेवर भेटणाऱ्या दहा जणांतले किती जण नाव घेऊन हाक मारतात, ही ओळख. मुंबईत अंतर फार आणि ओळख थोडी. खेड्यात अंतर थोडे आणि ओळख गळ्यापर्यंत. मध्यम शहरात दोन्ही बेताचे असते. हे बेताचे असणे सुखाचे की अडचणीचे, यावर मतभेद आहे.

कोल्हापुरात ही दोन मते पुष्कळदा एकाच घरात सापडतात, कारण घरातले एक मूल पुण्याला गेलेले असते आणि एक राहिलेले असते. पुढे ती एका बहीण-भावाच्या तोंडी दिली आहेत. ताई अभियांत्रिकी शिकून पुण्याला गेली, हिंजवडीत नोकरी करते. भाऊ तिच्याहून धाकटा. मंगळवार पेठेत राहतो, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगच्या मशिनिंगचे वर्कशॉप चालवतो. दोघे काल्पनिक आहेत, त्यांचे मुद्दे मात्र नाहीत.

वाद सुरू होतो तो जेवणापासून. मध्यम शहराची एक ढोबळ खूण सांगता येते : दुपारी घरी जेवायला येणारा माणूस. कोल्हापुरात असा माणूस अजून आहे.

“दुपारी एकला मी ताटावर असतो,” भाऊ म्हणतो. “अडीचला परत वर्कशॉपवर. तू मात्र डबा खातीस तोसुद्धा स्क्रीनकडं बघत. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास गाडीत. आयुष्यातली किती वर्षं त्या पुलाखाली उभी राहून घालवणार, ताई?”

“ताटावर असतोस हे खरं,” ताई म्हणते. “पण ते ताट वाढायला घरात कुणीतरी लागतं. तुझं अंतर कमी आहे ते तुझ्या बायकोनं नोकरी सोडली म्हणून.”

हा मुद्दा मध्यम शहराच्या कौतुकात सहसा येत नाही. जवळ असण्याची सोय सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही; घरातला एक जण दुपारी परत येऊ शकतो, कारण दुसरा बाहेर गेलेलाच नसतो. भावाने यावर दिलेले उत्तरही विचारात घेण्यासारखे आहे. त्याची बायको सकाळी शाळेत शिकवत होती आणि बाराला घरी येत होती. नोकरी गेली ती विनाअनुदानित तुकडी बंद पडली म्हणून. अंतराने तिची नोकरी घेतली नाही. पण दुसरी शाळाही त्या अंतरात नव्हती, हे तो सांगत नाही.

अंतर कमी असण्याचा आणखी एक परिणाम रस्त्यावर दिसतो. शहर इतके आटोपशीर की कुठूनही कुठेही दुचाकीवर जाता येते. म्हणून घरटी एक, नंतर माणशी एक दुचाकी आली. प्रत्येकाजवळ गाडी असल्यावर महापालिकेच्या केएमटी बसची वाट कोण पाहणार? प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी कमी. महानगरात लोकल किंवा मेट्रो नसेल तर शहर थांबते, त्यामुळे तिच्यासाठी पैसा निघतो. मध्यम शहरात बस नसली तरी शहर चालते, आणि नेमके त्यामुळेच ती मरते. नुकसान होते ते गाडी न चालवणाऱ्यांचे : म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि कामाला जाणाऱ्या पुष्कळ बायका. राहणारे या बाबतीत बहुधा गप्प असतात. त्यांच्यापैकी बोलणारे बहुतेक जण गाडीवरच असतात.

अंतराचा प्रश्न कोल्हापुरात एकदा उघड राजकारणात आला, तो टोलच्या निमित्ताने. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीकडून करून घ्यायचे आणि खर्च टोलमधून वसूल करायचा, असा प्रकल्प राबवला गेला. नाके बसले ते शहराच्या वेशींवर. महामार्गाने जाणारा प्रवासी एक नाका महिन्यातून एखाद्या वेळी ओलांडतो. इथे घर नाक्याच्या आत आणि कारखाना बाहेर, दूध बाहेरून येणार आणि माल बाहेर जाणार. आपल्याच उंबऱ्यावर पैसे मोजायचे, ही कल्पना लोकांना सोसली नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांनी आंदोलनाला आवाज दिला, तालीम मंडळे रस्त्यावर उतरली, २०१४ च्या जानेवारीत नाके जाळण्यापर्यंत प्रकरण गेले. २०१५ च्या अखेरीस शासनाने टोल रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वी फेब्रुवारीत पानसरे यांच्यावर सकाळी फिरून घरी परतताना गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले होते. टोलचा शेवट त्यांना पाहता आला नाही.

“पुण्यात टोलवर एवढे लोक एका जागी आले असते का?” भाऊ विचारतो.

“नसते आले,” ताई कबूल करते. “पण मला सांग, ते रस्ते करायला पालिकेकडं स्वतःचे पैसे का नव्हते?”

या प्रश्नाकडे पुढे यायचे आहे. आधी नोकरीचा मुद्दा, कारण गेलेल्यांचा सगळ्यांत जड मुद्दा तोच.

कोल्हापुरातून माणसे पुण्याला जाणे आयटीच्या लाटेने सुरू झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात ही वाट जुनी आहे. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट तिने १९३२ मध्ये इथेच केला. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, कंपनी पुण्याला गेली. ज्या जागेवर तिने तिथे स्टुडिओ बांधला, त्या जागेवर आज देशाची चित्रपट शिक्षणसंस्था आहे. प्रभात उभी करणारी मंडळी कोल्हापुरातच, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाली होती. कलेचे शिक्षण कोल्हापूरने दिले, इमारत पुण्याने ठेवून घेतली.

“प्रभात गेली तशी मी गेले,” ताई म्हणते. “इथं शिकवतात चांगलं. पण शिकून झालं की गाव हात वर करतं.”

हे शब्दशः खरे नाही, तरी फार खोटेही नाही. कोल्हापूर शिकवण्यात पूर्वीपासून पुढे आहे. १९०१ पासून शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, आसपासच्या खेड्यांतली मुले शहरात येऊन शिकू लागली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले. अभियांत्रिकी, वैद्यकीय, वास्तुशास्त्र, सगळे इथे शिकता येते. मात्र शिक्षण जितक्या जातींचे आहे तितक्या जातींचे काम नाही. काम आहे ते फौंड्रीचे, मशिनिंगचे, साखरेचे, दुधाचे, गुळाचे, व्यापाराचे, दवाखान्यांचे. त्यात बसणाऱ्याला बाहेर जायची गरज नाही. न बसणाऱ्याला थांबायची सोय नाही.

भाऊ यावर उद्यमनगरचा दाखला देतो आणि तो पोकळ नाही. शिवाजी उद्यमनगरात एखादा भाग बनवून घ्यायचा झाला तर पॅटर्न करणारा, साचा भरणारा, ओतणारा, लेथवर कातणारा आणि ग्राइंडिंग करणारा, हे सगळे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात मिळतात. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांपासून हा धंदा वाढला आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींतून देशातल्या मोटारधंद्याला कास्टिंग जाते. “रात्री आठला मशीनचा बुश गेला तर नऊला दुसरा कातून मिळतो, तोही उधारीवर,” तो म्हणतो. “हे तुझ्या हिंजवडीत दाखव.”

इथे अंतर आणि ओळख एकत्र काम करतात. लेथवाला जवळ आहे हे अंतर, तो उधार देतो ही ओळख. मोठ्या शहरात हे काम करारपत्राने आणि आगाऊ रकमेने होते. कमी भांडवलावर धंदा सुरू करायचा तर मध्यम शहरासारखी जागा नाही.

पण ताईचा प्रश्न पहिल्या नोकरीचा नाही, दुसरीचा आहे. पहिली नोकरी कुठेही मिळते. ती सुटली, साहेबाशी पटले नाही, कंपनी बुडाली, तर त्याच गावात दुसरी मिळते का? शिवाय नवरा आणि बायको दोघे शिकलेले असतील तर दोघांना, आपापल्या शिक्षणाची, एकाच गावात मिळते का? एक मिळणे शक्य असते, दोन मिळणे क्वचित घडते. जिथे दोन्ही मिळतात तिथे कुटुंब जाते. कोल्हापूर सोडणाऱ्या कित्येकांना पुणे आवडलेले नसते. त्यांच्या जोडीदाराला तिथे काम असते, इतकेच. भावाकडे याला उत्तर नाही. तो विषय बदलून तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर जातो, आणि तिथे मात्र ताई हरते.

ओळखीविषयीचे भांडण अधिक खोल आहे, कारण ओळखीचे फायदे पुरुष सांगतात आणि तिची किंमत बायकांना ठाऊक असते. अर्थात हे विधान थोडे सरसकट झाले. उधारी बुडवलेल्या पुरुषालाही ती ठाऊक असते.

“संध्याकाळी रंकाळा तळ्यावर मैत्रिणीसोबत भेळ खाल्ली तर साडेआठला घरी कळलेलं असायचं,” ताई सांगते. “मी कॉलेजात होते तोवर रस्त्यात कुणीही थांबवून विचारायचं, कुणाची गं तू? पुण्यात वीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही आला नाही. ही शांतता काय असते, ते तुला कळायचं नाही.”

“आणि बाबांना रात्री दोनला सीपीआर दवाखान्यात न्यायची वेळ आली,” भाऊ म्हणतो, “तेव्हा ‘कुणाचा रे तू’ याच प्रश्नानं काम झालं. तालमीतली चार पोरं रक्त द्यायला उभी राहिली. तू सकाळी पोचलीस.”

दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत. ‘कुणाची तू’ विचारणारा गाव आणि रात्री दोनला उठून येणारा गाव वेगळे नसतात. पहिला नको आणि दुसरा हवा, असे निवडता येत नाही. भाड्याने खोली घेताना आडनाव विचारणारा घरमालक, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याची बातमी पेठेत पोचवणारा टपरीवाला आणि पूर आला की होडीतून दूध पोचवणारा शेजारी, हे कधी कधी एकाच गल्लीत राहतात. महानगरात ज्याला एकटेपणा म्हणतात त्याला इथली एखादी मुलगी मोकळीक म्हणेल. तिचे म्हणणे खोडून काढण्याइतका पुरावा राहणाऱ्यांच्या बाजूने नाही.

ओळखीची खरी परीक्षा पुरात होते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पावसाळ्यात हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आहे याची चौकशी चहाच्या गाड्यावर चालते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत पाणी धोक्याच्या कितीतरी वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, पेट्रोल आणि दूध मिळेनासे झाले. त्या दिवसांत माणसे बाहेर काढणे, जेवण शिजवणे, जनावरे हलवणे यांतला मोठा वाटा तालमींनी, मंडळांनी आणि गल्ल्यांनी उचलला. त्यांना कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि कुठे अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे हे आधीच माहीत होते. यंत्रणेच्या यादीत अशी नोंद नसते.

“बघ,” भाऊ म्हणतो.

“बघितलं,” ताई म्हणते. “पण पूररेषेत बांधकामांना परवानग्या देणारेही ओळखीचेच होते ना?”

यावर भाऊ गप्प बसतो. हा प्रश्न शहराच्या कारभाराकडे नेतो, आणि टोलच्या वेळी बाजूला ठेवलेला पैशाचा प्रश्नही तिथेच येऊन मिळतो.

कोल्हापूरला नगरपालिका १८५४ मध्ये मिळाली, महापालिका १९७२ मध्ये. महापालिकेचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. पुणे, नाशिक ही शहरे दरम्यान आसपासची गावे घेत वाढली. कोल्हापूरची हद्द अर्धशतक उलटले तरी तेवढीच राहिली. शहर प्रत्यक्षात मात्र हद्दीबाहेर पसरत गेले. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव ही नावाला गावे, पण तिथल्या इमारतींत राहणारी बहुसंख्य माणसे सकाळी शहरात येतात. गांधीनगर ही फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत म्हणून उभी राहिली आणि आज कापडाची मोठी बाजारपेठ आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीही हद्दीबाहेरच आहेत.

परिणाम असा की ज्या कारखान्यांमुळे शहर कमावते त्यांचा मालमत्ता कर पालिकेला मिळत नाही. जकात होती तोवर नाक्यावरचा पैसा तरी येत होता. ती गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि २०१७ च्या जीएसटीनंतर शासनाच्या भरपाईकडे डोळे लावून बसणे आले. घरफाळा आणि पाणीपट्टी यांवर पाच लाखांचे शहर चालवायचे. रस्त्यांसाठी खासगी कंपनीचा मार्ग का धरला गेला याचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे नियोजनात आणि राजकारणात.

हद्दवाढीवर बहीण-भाऊ नेहमीच्या जागा बदलतात. इतका वेळ शहराची बाजू मांडणारा भाऊ गावांच्या बाजूने बोलू लागतो, कारण त्याचे सासर पाचगावचे आहे.

“गाव शहरात घेतलं की पहिला येतो घरफाळा. मग शेतावर आरक्षण पडतं. ज्यांना आपल्या आहे त्या वॉर्डातला कचरा उचलता येत नाही, ते गावचा काय उचलणार?”

“गावाला केएमटी पाहिजे, शहराचं पाणी पाहिजे, शहराचा दवाखाना पाहिजे,” ताई म्हणते. “फक्त शहराची पावती नको.”

शासनाने २०१७ मध्ये यावर मधला तोडगा काढला : शहरालगतच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. त्याने हद्दवाढीची मागणी थांबली नाही आणि विरोधही थांबला नाही. निःपक्षपातीपणे पाहिले तर दोन्ही बाजूंचे भय रास्त आहे. गावांना पालिकेचा जो अनुभव शेजारून दिसतो, तो सामील व्हावे असा नाही. आणि पालिका सुधारायची तर गावांच्या कराशिवाय ते कठीण. मध्यम शहराच्या गळ्यातला हा फास महानगराला कधीच काढून टाकता आला, कारण तिथे जमीन इतकी महाग झाली की गावेच शहरात यायला निघाली.

पाण्याची गोष्टही अंतराचीच. कोल्हापूर नदीकाठी आहे, तरी चांगल्या पाण्यासाठी त्याने काळम्मावाडी धरणापर्यंत, सुमारे ५३ किलोमीटरवर हात पसरला. थेट पाइपलाइनची मागणी कित्येक निवडणुकांत गाजली. पाणी शहरात आले ते २०२३ च्या दिवाळीत. तोवर शहर पंचगंगा आणि भोगावतीचे पाणी उपसत होते. पूर आला की उपसा केंद्रेच बुडत, म्हणजे गुडघाभर पाण्यात उभे राहून टँकरची वाट पाहायची. आणि ज्या नदीतून पाणी घ्यायचे तिच्यातच जयंती नाल्यातून शहराचे सांडपाणी जात राहिले. ते पुढे कुठे जाते हे शहराने फारसे विचारले नाही. खालच्या अंगाला इचलकरंजी आहे. २०१२ मध्ये तिथे काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. आपल्यापेक्षा मोठ्या शहराने डावलल्याची तक्रार मध्यम शहर नेहमी करते. त्याच्या खालच्या अंगाला कोणाची तरी तशीच तक्रार असते.

करमणूक आणि कला यांच्याबाबत वाद लवकर मिटतो. ताईला पुण्यात रोज नाटक, गाणे, व्याख्यान उपलब्ध आहे आणि ती वर्षातून दोनदा जाते. भावाकडे शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल आहे, तिथे पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की पेठाच्या पेठा मैदानात असतात, आणि तो एकही चुकवत नाही. उपलब्ध असणे आणि अनुभवणे यांत फरक आहे, एवढे दोघे मानतात. मात्र मध्यम शहरात प्रत्येक गोष्ट एकेकच असते, हे विसरून चालत नाही. शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास पुरे केलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मोठ्या शहरात एक नाट्यगृह बंद पडले तर प्रयोग दुसरीकडे हलवतात. कोल्हापुरात त्या रात्री माणसे रस्त्यात उभी राहून रडली.

म्हणून मध्यम शहराचे वर्णन एका वाक्यात करायचे तर असे करावे लागते : जे आहे ते वीस मिनिटांवर आहे, जे नाही ते सव्वादोनशे किलोमीटरवर. मधले काही नाही. भावाला पहिले अर्धे वाक्य पुरते, ताईला दुसऱ्याने घर सोडायला लावले. कोण कुठल्या अर्ध्यात राहतो हे स्वभावापेक्षा वयावर ठरते. शाळेच्या वयात आणि म्हातारपणी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी वीस मिनिटांत मिळतात. पंचविशी ते पन्नाशी या काळात लागणाऱ्या पुष्कळशा मिळत नाहीत. ताई निवृत्तीनंतर परत यायचे म्हणते आणि त्यासाठी कळंब्याकडे फ्लॅट बघते. भावाचा मुलगा बारावीनंतर पुण्याला जायचे म्हणतो. दोघांनाही घरात कोणी अडवलेले नाही.

दरम्यान अंतराचे गणित एका बाबतीत बदलले. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे, यासाठी इथल्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षे आंदोलने केली. मुख्य युक्तिवाद अंतराचाच : सुमारे पावणेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला प्रत्येक तारखेसाठी जायचे, रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचे, तारीख पुढे गेली की पुन्हा रात्रीच्या गाडीने परतायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे काम सुरू झाले. त्याच्या कक्षेत सहा जिल्हे आहेत : कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सोलापूर. आता त्या जिल्ह्यांतले पक्षकार तारखेला कोल्हापुरात उतरतात, खोली शोधतात, आणि तारीख पुढे गेली की परततात. सोलापूरहून कोल्हापूर जवळजवळ तितकेच लांब आहे, जितके कोल्हापूरहून पुणे.